बोर्डला किती व्होल्ट मिळताहेत? सी मधून वाचूया

एम्बेडेड लिनक्स बोर्ड (लिनक्सवर चालणारा छोटा, एकाच पाटीवरचा संगणक) अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय सप्लायवर घ्यावा. तो मोजणारा सी प्रोग्रॅम जेमतेम तीसेक ओळींचा होतो. घोळ होतो तो त्या ओळींच्या आजूबाजूला.

आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, व्होल्टेजचा आकडा फाइलमधून आयता देतोय का ते बघा. ‘/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन’ खाली ‘इन0_इनपुट’ सापडली, तर त्यातला आकडा मिलिव्होल्टमध्ये असतो. ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ मधली ‘व्होल्टेज_नाउ’ मात्र मायक्रोव्होल्टमध्ये बोलते.

आयतं काही नसेल तर एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग. उदाहरणाला बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेऊ. त्याचा एडीसी 12 बिटांचा आहे आणि पिनवर 1.8 व्होल्टच्या वर काही सोसत नाही. 5 व्होल्ट थेट लावले तर प्रोसेसर हकनाक जायचा. म्हणून दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागा: सप्लायकडून 10 किलोओहम, ग्राउंडकडे 4.7 किलोओहम आणि मधला सांधा बोर्डवरच्या पी9 या पिनांच्या रांगेतल्या 39 व्या पिनला. ग्राउंडची बाजू 34 व्या पिनला द्या. सप्लाय ‘सिस_5व्ही’ या पिनवरून घ्या, कारण बोर्ड बंद असताना एडीसीच्या पिनवर व्होल्टेज राहता कामा नये. 5 व्होल्टचे सांध्यावर साधारण 1.6 होतात.

आता कोड. एडीसीसारखी उपकरणं लिनक्स जिथे दाखवतो त्या ‘/सिस/बस/आयआयओ/डिव्हाइसेस’ खालच्या प्रत्येक डिव्हाइसची ‘नेम’ फाइल वाचून आपला एडीसी शोधा. ‘डिव्हाइस0’ असं ठोकून लिहू नका, दुसरी चिप जोडली की क्रमांक बदलू शकतो. मग एडीसीचा कच्चा आकडा देणारी ‘इन_व्होल्टेज0_रॉ’ उघडा, 32 बाइटच्या बफरमध्ये वाचा, शेवटी शून्य बाइट लावा आणि ‘स्ट्रटोल’ ने पूर्णांक काढा. फाइल उघडीच ठेवून पुन्हा ‘रीड’ केलं, तर दुसऱ्या खेपेला एकही बाइट हाती येत नाही! ‘पीरीड’ वापरून दर वेळी सुरुवातीपासून वाचा.

समजा आकडा आला 3638. त्याला स्केलने, म्हणजे कच्च्या आकड्याचे मिलिव्होल्ट करणाऱ्या गुणकाने गुणा. स्केलची फाइल नसेल तर 1800 भागिले 4096 हा गुणक स्वतः लिहा. झाले 1598.7 मिलिव्होल्ट. त्याला 14.7 भागिले 4.7 ने गुणलं की 5000 च्या आसपास येतं. रेझिस्टर छापल्याइतके अचूक कधीच नसतात, तेव्हा एकदा मल्टिमीटर लावून हा शेवटचा गुणक जुळवून घ्या.

एका वेगळ्या बोर्डवर सप्लाय मुद्दाम उतरवला तरी माझा आकडा जागचा हलेना. तासभर कोड उकरला. दोष वायरिंगचा होता: एडीसीचा रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून तो मोजतो ते व्होल्टेज, त्याच सप्लायवरून घेतलेला. मापपट्टीच आकसत असेल तर वस्तू लहान झालेली कळणार कशी? रेफरन्स स्थिर आहे ना, हे सर्किटच्या नकाशात आधी पाहा.

दाखवण्यासाठी 16 वाचनांची सरासरी ठीक. पण रीस्टार्टचं कारण शोधताय ना? मग सर्वात खालचं वाचनही वेळेसकट लॉगमध्ये टाका, सरासरीत व्होल्टेजची नेमकी तीच क्षणिक बुडी झाकली जाते. काही मायक्रोसेकंदांची बुडी या वाटेने बहुधा निसटेल. तिथे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागतो.