रात्री दोनचा अलर्ट गप्प करायचाय? आधी घड्याळ कुठलं ते बघा

बॅकअप रात्री दोनला सुरू होतो, डिस्कवर लोड येतो आणि उशाशी ठेवलेला फोन थरथरायला लागतो, हे ज्यांच्या नशिबी आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. काहीजण वैतागून थ्रेशोल्डच, म्हणजे अलर्ट वाजायची मर्यादाच, वर नेऊन ठेवतात, तसलं काही करू नका, मग दिवसाही खरं दुखणं कळत नाही. सर्व्हरवर नजर ठेवायला प्रोमिथियस वापरत असाल तर त्याचे अलर्ट पोचवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्येच सोय आहे.

कॉन्फिगमध्ये टाइम इंटरव्हल्सखाली एक नाव द्या, समजा बॅकअपवेळ, आणि त्यात ०२:०० ते ०४:०० टाका. आता खरी मेख. लोकेशन, म्हणजे कुठल्या टाइमझोनची वेळ ते, दिलं नाहीत तर ही वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतात, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मी नेमकं हेच विसरलो. रात्री दोनला फोन वाजला तो वाजलाच, वर सकाळी साडेसात ते साडेनऊ सगळं चिडीचूप, मी ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये दाराशी लटकलेला, मनात म्हणतोय वा, आज कसं शांत शांत, आणि तिकडे डिस्क भरत चाललेली! तर लोकेशनला एशिया/कोलकाता लिहा. हे अलर्टमॅनेजरच्या ०.२५ व्हर्जनपासून चालतं, त्याआधीचं असेल तर २०:३० ते २२:३० टाका, आणि वार लावणार असाल तर तोही आदल्या दिवसाचा.

मध्यरात्र ओलांडणारी वेळ एका तुकड्यात घेत नाही, २३:०० ते २४:०० आणि ००:०० ते ०३:०० असे दोन करावे लागतात. शनिवार रात्रीचं काम असेल तर दुसऱ्या तुकड्याला रविवार.

मग हे नाव म्यूट टाइम इंटरव्हल्समध्ये लावायचं, पण सगळ्यात वरच्या रूटला (कुठला अलर्ट कुणाकडे जायचा ते ठरवणारा नियम) ते लागत नाही, खाली वेगळा रूट काढा आणि मॅचरमध्ये, म्हणजे त्या रूटच्या अटीत, फक्त त्या सर्व्हरचा डिस्क लोडचा अलर्ट पकडा. सर्व्हर डाऊनवाला चुकूनही त्यात घेऊ नका, तो रात्री दोनलाही वाजलाच पाहिजे. आणि म्यूट म्हणजे अलर्ट बंद नाही हां, तो आत चालूच असतो, फक्त निरोप येत नाही. चारनंतरही लोड उतरला नाही तर फोन येणारच, आणि यावाच.

अलर्टमॅनेजरसोबत येणाऱ्या एएमटूल (amtool) या कमांडने कॉन्फिग चेक करून रीलोड मारा. रात्रीपर्यंत थांबायची गरज नाही, पुढच्या पंधरा मिनिटांची खिडकी टाकून त्याच लेबलांचा एक खोटा अलर्ट सोडा, चहा घेऊन या, फोन गप्प राहिला तर खरी वेळ परत टाका.