मूल वाचतंय की म्हणतंय? मराठी वाचन शिकवण्याची क्रमवार रीत

पहिलीतलं मूल पुस्तक उघडून पूर्ण धडा घडाघडा म्हणून दाखवतं. घरचे खूश होतात. अशा वेळी एक साधी तपासणी करा. धड्याच्या शेवटून तिसऱ्या ओळीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि तो सुटा विचारा. मूल गोंधळलं किंवा मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात करून त्या शब्दापर्यंत आलं, तर त्याला धडा पाठ आहे, वाचता येत नाही.

दुसऱ्या प्रकारचं मूल चित्र पाहतं, पहिलं अक्षर पाहतं आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतं. लिहिलेलं असतं ‘मासा’, ते वाचतं ‘मासोळी’.

वाचन कसं शिकवावं यावरचा जगभरचा वाद या दोन मुलांभोवतीच फिरतो. एक बाजू सांगते की आधी अक्षर आणि आवाजाची जोडी पक्की करा. दुसरी सांगते की अर्थपूर्ण गोष्टी, शब्द, वाक्यं समोर ठेवा, अक्षरं ओघाने येतील. इंग्रजीपुरता कौल बराचसा पहिल्या बाजूने गेला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालाने अक्षर-ध्वनींचं पद्धतशीर शिक्षण उचलून धरलं, आणि इंग्लंडने २०१२ पासून पहिलीच्या मुलांची तशी चाचणीच सुरू केली. आपल्याकडे मात्र ‘अक्षर आधी’ म्हटलं की वर्षभर मुळाक्षरं आणि बाराखडी घोकणं असाच अर्थ घेतला जातो. तिथेच घोटाळा होतो. बाराखडी घोकणारं मूल आणि अंदाज बांधणारं मूल, दोघंही अक्षराकडे बघतच नसतात. खालची रीत मुलाची नजर अक्षरावर आणण्यासाठी आहे. पहिलीच्या शिक्षकांना आणि घरी शिकवणाऱ्या आई-वडिलांना ती सारखीच लागू पडते.

आधी कान

पहिले दोन आठवडे पाटी-पुस्तक बाजूला ठेवा. रोज दहा मिनिटं टाळ्या वाजवत शब्दांचे तुकडे पाडा: मा-मा, ब-क-री, बा-ट-ली. मग ‘काका, कान, काम यांच्या सुरुवातीला काय ऐकू येतं?’ असं विचारा. गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा, शेवटचा आवाज आपोआप पकडला जातो. शेवटी अदलाबदल करा: ‘काका’ मधला शेवटचा ‘का’ काढून ‘न’ ठेवला तर काय होईल? ज्या मुलाला हे कानाने जमत नाही, त्याला ते डोळ्याने जमवायला लावू नका. घाईमुळे बिनसतं ते इथेच, आणि ते लक्षात येतं चार महिन्यांनी.

चार अक्षरं आणि एक काना

ग, म, भ, न हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, कारण या अक्षरांची वळणं एकमेकांजवळची आहेत. एक आलं की हात पुढचं सहज गिरवतो. पण हाताला जे सोपं तेच डोळ्याला अवघड. सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवली की मूल म आणि भ यांत अडखळणारच. म्हणून गिरवण्याचा क्रम वेगळा ठेवा आणि वाचनाचा वेगळा.

वाचनासाठी पहिला गट घ्या: क, न, र, ट आणि काना. चारही अक्षरं दिसायला वेगळी आहेत आणि ऐकायलाही. जाड पुठ्ठ्याचे साधारण १० × ८ सेंटिमीटरचे तुकडे कापा, त्यावर जाड काळ्या पेनाने अक्षर काढा. कान्यासाठी ३ सेंटिमीटर रुंदीची वेगळी पट्टी करा. क च्या शेजारी ती पट्टी सरकवली की ‘का’, काढली की ‘क’. हे मुलाला स्वतःच्या हाताने दहा वेळा करू द्या.

एवढ्या सामानात केवढे शब्द होतात ते पाहा: कान, नाक, रान, कर, नका, काका, नाना, टाक, टाका, काटा, नाटक, नकार. वाक्यंही होतात: ‘काका, नाटक करा.’ ‘नाना, नका ना!’ शाळेच्या पहिल्या महिन्यात मूल स्वतः वाक्य वाचतं, आणि त्यासाठी त्याने पूर्ण वर्णमाला पाठ केलेली नसते.

यातली सर्वांत मोलाची जोडी म्हणजे कान आणि नाक. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. ‘कान’ मांडा, वाचून घ्या, मग काही न बोलता पुठ्ठे उलटसुलट करून ‘नाक’ करा. अंदाजावर चालणारं मूल इथे हटकून फसतं आणि पुढच्या वेळी नीट बघतं. टाका–काटा हीसुद्धा तशीच जोडी. अशा जोड्या प्रत्येक गटात शोधून ठेवा.

दुसरा गट म, ब, ल, स आणि दीर्घ वेलांटी. आता मामी, बकरी, बाटली, मासा, रबर, लाल वाचता येतात. ‘मामी, मी काम करीन’ हे वाक्यही. आ आणि ई हे सुटे स्वर इथेच दाखवून टाका, म्हणजे ‘आई’ वाचता येते.

मराठीत क ते ळ चौतीस व्यंजनं. त्यातली ङ आणि ञ सुटी शिकवायची गरज नाही. उरलेल्या बत्तीसांचे चार-चारचे आठ गट, प्रत्येकाला दोन आठवडे, म्हणजे सोळा आठवडे. जूनच्या मध्यात सुरुवात केली तर दिवाळीच्या आसपास सगळी व्यंजनं आणि बहुतेक मात्रा होतात. गट करताना घ–ध, भ–म, थ–य, ब–व, प–ष यांच्यात निदान महिन्याचं अंतर ठेवा. मात्रांचा क्रम काना, दीर्घ वेलांटी, एक मात्रा, दीर्घ उकार, काना-मात्रा, आणि मग ऱ्हस्व वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी मागे ठेवण्याचं कारण साधं आहे. ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारताना नंतर येते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे सरकायला नुकतीच शिकलेली नजर तिथे अडते. दीर्घ रूपं लवकर घेतली की सोयही होते, कारण मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार बहुधा दीर्घच असतो.

पाच नवे शब्द, जे मुलाने आधी पाहिलेले नाहीत, त्यातले चार बरोबर आले तरच पुढचा गट. नाहीतर आणखी एक आठवडा. पुस्तक मागे पडलं तरी चालेल.

एक बारीक गोष्ट: ल आणि श दोन प्रकारे छापले जातात. पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, पण फोनवर अनेकदा हिंदी वळणाचे दिसतात. सुरुवातीला एकच रूप वापरा, पाठ्यपुस्तकातलं.

‘क ला काना का’ कधी सोडायचं

‘क ला काना का, न, कान.’ ही कुबडी पहिले आठ-दहा दिवस उपयोगी पडते. पण कित्येक मुलं तिसरीतही तिच्यावरच चालतात. चार अक्षरी शब्दाच्या शेवटापर्यंत पोचताना सुरुवात विसरतात, आणि वाक्याचा अर्थ लागण्याचा प्रश्नच येत नाही. उपाय म्हणजे ‘का’ हे एकसंध चित्र म्हणून ओळखायला लावणं. का, ना, रा, टा असे तयार पुठ्ठे भरभर दाखवा, एकेकाला एक सेकंद. मोठ्याने ‘ला काना’ म्हणू देऊ नका. बाराखडीचा तक्ता भिंतीवर असू द्या, पण तो शोधण्यासाठी. चौतीस गुणिले बारा म्हणजे ४०८ रूपं पाठ करण्याची गरज कोणालाच नाही. मात्रा एकदा कळली की ती सगळ्या अक्षरांना लागते.

शब्द वाचताना क… ट… असे थांबे घेऊ देऊ नका. पहिला आवाज लांबवत दुसऱ्यात मिसळायचा: ‘काऽऽन’. वाचलेल्या भागावर कागदाची पट्टी धरू नका, न वाचलेल्या भागावर धरा आणि ती उजवीकडे सरकवत न्या. चित्र असलेल्या पानावर आधी चित्र झाका, वाचून झालं की उघडा.

गोष्ट वाचून दाखवणं हा फावल्या वेळचा उद्योग नव्हे

देवनागरी नियमित आहे, जसं लिहितो तसंच वाचतो, असं आपण अभिमानाने सांगतो. पण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एक नाही. ‘जेवण’ आणि ‘जाड’ यांतला ज एक नाही. हा फरक कुठेही लिहिलेला नसतो. ‘करवत’ मधला र पाय मोडल्यासारखा म्हणायचा आणि व पूर्ण, हेही लिहिलेलं नसतं. मूल अक्षरं जोडून ‘क-र-व-त’ असं काहीतरी म्हणतं आणि मग त्याच्या कानातला शब्द उठून त्याला ‘करवत’ सांगतो. कानात तो शब्दच नसेल तर अक्षरं बरोबर असूनही वाचन अडतं.

म्हणून रोज दहा ते पंधरा मिनिटं, मुलाला स्वतः वाचता येईल त्याहून अवघड गोष्ट मोठ्यांनी वाचून दाखवायची. पुस्तक मुलाच्या बाजूला वळवून, ओळीखाली बोट फिरवत. पान उलटण्यापूर्वी एकच प्रश्न: ‘आता काय होईल?’ अंदाज बांधण्याची जागा ही आहे, अक्षरावर नव्हे. पालघरमधला वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा काही वर्षं माग ठेवणारा अभ्यास झाला. त्यातही हेच दिसलं की वर्गाचा वेळ अक्षरांत जातो, अर्थाकडे कोणी फिरकत नाही, आणि अक्षरंही पुरती पक्की होत नाहीत.

घरची बोली वेगळी असेल तर आणखी एक काळजी घ्या. खानदेशातलं किंवा विदर्भातलं मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचतं. त्याने अक्षर ओळखलेलं असतं, शब्दही ओळखलेला असतो. ती वाचनातली चूक नाही. तिथे थांबवू नका. वारली, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांना पहिल्या गटातले शब्द त्यांच्या परिचयाचे आहेत का, हे आधी विचारून घ्या.

जोडाक्षरं

दुसऱ्या सत्रात सुरू करा, आणि सगळ्यांत आधी द्वित्त, म्हणजे तेच अक्षर तेच अक्षराला जोडलेलं: पक्का, पत्ता, आप्पा, अण्णा, रस्सा. आवाज दुप्पट होतो हे कानालाच कळतं. मग जोडताना ज्यांचा दंड, म्हणजे उभी रेघ, जातो ती अक्षरं: मस्त, पुस्तक, वस्ती. मग ट, ठ, ड, द, ह सारखी दंड नसलेली: पट्टा, चिठ्ठी, उद्या.

इथे मुलं कुठे अडतात ते लक्षात ठेवा. ‘पुस्तक’ लिहिताना पु-स्त-क असे तुकडे दिसतात, पण बोलताना पुस्-तक असे पडतात. अर्धा आवाज मागच्या अक्षराला चिकटतो. म्हणून वाचताना ‘पुस्’ इथे टाळी, ‘तक’ इथे दुसरी. पाटीवर स् खाली छोटी कमान काढून ती पु ला जोडून दाखवली की बहुतेकांना पटकन कळतं.

र चा पाठ वेगळा आणि सावकाश. प्रकाश मधला, ट्रक मधला, सूर्य मधला रफार आणि वाऱ्या मधला ऱ, अशी चार रूपं. रोज एक, आठवडाभर उजळणी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो आधी. ऱ्हस्व वेलांटीसारखीच ही नजरेची उलटी चाल आहे. आचार्यास आणि आचाऱ्यास ही जोडी मोठ्या मुलांना द्या. पहिला शिकवणारा, दुसरा स्वयंपाक करणारा.

लांब शब्द पेन्सिलीने फोडून द्या: घरा|समोर|च्या, झाडा|खाली|ल. मूळ शब्द दिसला की मुलाची भीती जाते.

मोजायचं कसं

‘असर’ या ग्रामीण मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणाची साधी पद्धत घरीही वापरता येते. पाच अक्षरांतली चार, पाच शब्दांतले चार, मग चार ओळींचा परिच्छेद जास्तीत जास्त तीन चुका करून, सलग. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या अभियानाने दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द असं उद्दिष्ट ठेवलं आहे, अर्थ समजून. घड्याळ लावताना मजकूर पाहून घ्या. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे प्रत्ययांनी भरलेल्या उताऱ्यावर मुलाला मंद ठरवणं अन्यायाचं होईल. आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारल्याशिवाय तो आकडा लिहू नका.

तिसरी-चौथीत अडकलेल्या मुलाला पुन्हा पहिलीच्या पुस्तकावर बसवू नका, ते त्याच्या मनाला लागतं. वरची तपासणी करून तो अक्षर, शब्द की परिच्छेद यापैकी कुठे थांबतो ते पाहा. इयत्तेनुसार न बसवता त्या पातळीवरच्या मुलांचा गट करा आणि रोज पाऊण तास द्या. पुठ्ठे तेच, पण शब्द त्याच्या वयाचे: क्रिकेट खेळणाऱ्यांची नावं, बसच्या पाट्या, दुकानांचे फलक. ‘बॅट’, ‘बॉल’, ‘डॉक्टर’ मधल्या चंद्रामुळे अडला तर तो आधी शिकवा. दोन-तीन महिने नियमित देऊनही तीच अक्षरं पुन्हा पुन्हा निसटत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला उशीर करू नका.