फ्लेक्सवर लोगो फाटला, मग इंकस्केपकडे वळलो

आईच्या मसाल्यांचा लोगो मी मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये केला होता. पाकिटावर छान दिसायचा. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स काढला, तर मिरचीच्या कडेला पायऱ्या पायऱ्या! आईचा चेहरा पडला, ते मला फार लागलं. फाइल होती 500 पिक्सेलची पीएनजी, म्हणजे ठिपक्यांनी बनलेलं चित्र. ताणली की ठिपके दिसणारच.

लोगोला व्हेक्टर फाइलच हवी. त्यात ठिपके नसतात, रेषांचं गणित असतं, म्हणून कितीही मोठी करा. अशी फाइल करायला कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर ही सॉफ्टवेअर उत्तमच, पण एका लोगोसाठी तेवढा खर्च झेपणारा नव्हता. त्याच कामाचं इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

आधी ‘ट्रेस बिटमॅप’ करून पाहिलं, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रावरून इंकस्केपच आपोआप रेषा काढतं. कडा खडबडीत आल्या, नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) तर शेकड्यांनी. मग जुना लोगो खाली ठेवून पेन टूलने मिरची स्वतः गिरवली. नऊ नोड पुरले, आणि देठाचा बाक आता हवा तसा आला.

अक्षरांना ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला, तोही मोफत. पण छापखान्यात फाइल उघडली तर ‘चविष्ट’मधला ‘ष्ट’ तुटलेला, कारण त्यांच्याकडे तो फॉन्टच नव्हता. घरी येऊन मजकूर निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी दाबलं, अक्षरांचे पाथ झाले, म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते रेषांचे आकार, पीडीएफ दिली. पाथ केल्यावर शब्द टाइप करून बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपा.

स्क्रीनवरचा लाल छपाईत थोडा मळकट उतरतो. आधी वीतभर तुकडा छापून घ्या.