पान नेमकं कुठपर्यंत? बेचक्यात बघा

झाड ओळखायला फोटो टाकतो आपण, पण बरेचदा त्यात अख्खं पान नसतंच, एखादी सुटी पर्णिका, म्हणजे मोठ्या पानाचा एक छोटा तुकडा, असते आणि मग सांगणारा तरी काय सांगणार. यावर सोप्पा उपाय आहे.

१. देठ धरून मागे मागे जा, तो काडीला जिथे चिकटलाय तिथपर्यंत.
२. त्या बेचक्यात बारीक कोंब किंवा कळी आहे का बघा, मोबाईल झूम केला तरी दिसतं.
३. असेल तर ते एक पान. नसेल तर ती पर्णिका, अजून मागे सरका.

कडुनिंबाचं घ्या, त्या दातेरी वाकड्या 'पानांच्या' बुडाशी काहीच नसतं, कोंब सापडतो तो थेट फांदीपाशी, म्हणजे पाडव्याला आपण तोडतो ती अख्खी डहाळी बरेचदा एकच पान असते! बेल आणि पळसाचं पण तसंच, तीन मिळून एक. पिंपळाचं मात्र लांब देठाचं, सुटं, साधं पान. आवळा हमखास फसवतो, दिसायला चिंचेसारखा, बारीक पर्णिका मिळून एक पान वाटावं असा, पण फुलं येतात त्या बारीक पानांच्याच बेचक्यात, म्हणजे ती खरी पानं आणि ती काडी म्हणजे छोटी फांदी.

फोटो काढाल तो फांदीच्या तुकड्यासकट, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक तेही त्यातच कळतं.

फक्त रुईचं पान तोडून बघायच्या भानगडीत पडू नका, देठ जवळपास नसतोच ते तसंही दिसतं, आणि तो चीक डोळ्यात गेला तर चांगलीच इजा होते.