थ्री नॉट थ्रीचा नेम: गेममध्ये गोळी मागे का पडते?

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे थ्री नॉट थ्री हे नाव इकडच्या पोरांना घरातूनच माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या गेममध्ये हीच रायफल, म्हणजे ली-एनफिल्ड, हातात आली की बहुतेक जण आधी स्क्रीनच्या मधलं फुलीचं चिन्ह शोधतात. सेटिंगमधून ते सरळ बंद करा. खऱ्या रायफलीला फुली नसते. नेम साइटवरूनच, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या खुणांवरूनच धरायचा.

जुन्या मार्क थ्री मॉडेलला मागे खाच आणि पुढे उभं पातं असतं. पात्याचं टोक खाचेच्या दोन्ही खांद्यांच्या बरोबर रेषेत आणा. टोक जरा वर राहिलं की गोळी वर जाते, खाली बुडालं की खाली. नजर पात्यावर ठेवा, शत्रू थोडा धूसर दिसला तरी चालेल.

आता खरी गोम. गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने सुटते. २०० मीटर गाठायला तिला जवळपास ०.३ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने आडवा पळणारा शिपाई दीड मीटर पुढे गेलेला असतो. अंगावर नेम धरलात तर गोळी पाठीमागूनच जाणार. त्याच्या पुढे तीन अंगांच्या रुंदीएवढी जागा सोडा. तो तुमच्याच दिशेने येत असेल तर काहीच सोडू नका.

श्वास रोखायचं बटण मात्र शेवटच्या क्षणी दाबा. बऱ्याच गेममध्ये ते फार वेळ धरलं की साइट उलट जास्तच हलते, आणि हे खऱ्यासारखंच आहे.