शंभर सीसीची पहिली गाडी: मुंबईत या चुका टाळा

शंभर सीसीची गाडी घेतली की घरचे, शेजारचे, पंपावरचा पेट्रोल भरणारासुद्धा एकच सांगतो: "हिला काही करावं लागत नाही. पेट्रोल टाकायचं आणि पळवायची." नवशिक्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं. गाडी दणकट आहे, यात वाद नाही. पण ती सोसते म्हणून तिच्याकडे बघायचंच नाही असं केलं, की चार-सहा महिन्यांत चेन खडखडायला लागते, क्लच सुटतो, पिकअप जातो. मग आपण म्हणतो, स्वस्तातली गाडी, अशीच असणार.

मी भांडुपहून अंधेरीच्या एमआयडीसीत रोज जातो-येतो, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं. चार गियरची साधी गाडी, ताकद जेमतेम ८ बीएचपी. गेल्या वर्षी भाच्यानं तशीच सेकंडहँड घेतली. त्याला शिकवताना लक्षात आलं की नवीन माणूस नेमका कुठे फसतो, ते त्याला कुणी आधी सांगतच नाही.

गाडी बघताना कागद आधी, इंजिन मागाहून

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की आपण किक मारतो, आवाज ऐकतो, सीटवरून हात फिरवतो. आधी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मागा. चॅसिस नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. मळ पुसून तो आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. कर्जावर घेतलेली गाडी असेल तर आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव असतं. ते उतरवायला फॉर्म ३५ आणि त्यांची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) लागते, आणि ती विकणाऱ्यानंच आणून द्यायची. नंबर टाकून ई-चलन किती थकलंय तेही बघा. भाच्यानं बघितलेल्या पहिल्या गाडीवर इतकी चलनं होती की आम्ही तिथूनच परत फिरलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायच्या अर्जांवर) सह्या घेऊन ते कपाटात ठेवून देणं. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी नावावर झाली नाही आणि उद्या अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी विम्याच्या दारात तुम्ही कुणीच नसता. विमासुद्धा तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग आरसीबरोबर आपोआप येत नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांचा विम्यात वेगळाच घोळ होतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) ५ वर्षांचा घ्यावा लागतो. कागदावर ५ वर्षं वाचून माणूस निर्धास्त होतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तारीख बघून ठेवा. आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का, तेही विचारून घ्या.

क्लच दाबून उभं राहू नका

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच जितका झिजतो तितकं या गाडीतलं दुसरं काही झिजत नाही. पवईचा चढ, सकाळचे साडेनऊ, पुढे टँकर. नवीन माणूस ब्रेकला हात न लावता अर्धा क्लच आणि थोडा थ्रॉटल यांवर गाडी चढावर धरून ठेवतो. गाडी जागेवर उभी आणि आत क्लचप्लेटा एकमेकींवर घासतायत. एरवी वर्षानुवर्षं टिकणारा क्लच असा फार लवकर जातो. चढावर थांबलात तर पाय-ब्रेकवर थांबा. सिग्नल मोठा असेल तर न्यूट्रल करा.

लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. अजिबात नसेल तर क्लच पूर्ण बसतच नाही आणि चालता चालता घासत राहतो. क्लच गेलाय का हे बघायचं तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गियरला चाळीसच्या आसपास असताना थ्रॉटल उघडा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेटा सुटतायत, म्हणजे पकड न घेता घसरतायत.

इथे ऑइलचा संबंध येतो. या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो. घरी कारचं ऑइल उरलंय म्हणून ते ओतलं तर त्यातले घर्षण कमी करणारे घटक क्लचच्या प्लेटांवर बसतात आणि चांगला क्लचही सुटायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' (ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालतं अशी खूण) लिहिलंय का बघा. ऑइल लागतं लिटरच्या आतबाहेर, त्यात काटकसर करून काही वाचत नाही.

गियरची गोष्ट थोडक्यात सांगतो. चौथ्या गियरला वीसच्या वेगानं गाडी ओढू नका. इंजिन धडधडतं, गुदमरतं आणि लहान इंजिनाला ते फार वाईट. गियर उतरवला म्हणून जास्त पेट्रोल जाईल, ही भीती मनातून काढा.

चेन: इथे हात काळे करायला शिका

स्वस्त गाड्यांना चेनवर पूर्ण बंद कव्हर असतं. चेन दिसत नाही, म्हणून ती कुणाला आठवतही नाही. कव्हरच्या खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढून बोटानं चेन वरखाली हलवा. खालच्या भागात मधोमध एकूण २० ते ३० मिमी हलायला हवी. नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मधल्या स्टँडवर लावून चाक हातानं फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, कारण जुनी चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली असते. तशी सापडली, किंवा मागच्या चक्राचे दात एका बाजूला कोयत्यासारखे वाकलेले दिसले, तर नुसती चेन बदलू नका. चेन आणि दोन्ही चक्रं असा पूर्ण सेटच बदलावा लागतो.

पाचशे किलोमीटरमागे एकदा, आणि पावसात भिजली की लवकर, चेनला ९० नंबरचं ऑइल (गियरचं जाड ऑइल) लावा. जास्तीचं फडक्यानं पुसून घ्या. गाडी सुरू ठेवून, गियर टाकून चाक फिरवत ऑइल लावणारे बघितलेत मी. चेन आणि चक्राच्या मध्ये बोट गेलं तर ते राहत नाही. इंजिन बंद करायचं आणि चाक हातानंच फिरवायचं.

एकदा एका गॅरेजमध्ये चेन ताणून घेतली आणि तसाच कामावर निघालो. पवईच्या चढाला गाडी जणू कुणी मागून धरून ठेवलीय अशी चालेना. तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला केला. आयआयटीच्या फाटकाजवळ बाजूला घेतली तर जळका वास येत होता. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर, जिथे ब्रेक असतो) बाटलीतलं पाणी टाकलं तर ते चर्रकन उडालं. झालं होतं असं की चेन ताणायला चाक मागे सरकवतात, चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि मागचा ब्रेक आपोआप घट्ट होतो. मेकॅनिकनं चेन ताणली, पण ब्रेकचा नट सैल केलाच नव्हता. तेव्हापासून चेनचं काम झालं की मी तिथेच मधल्या स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवून बघतो. मोकळं फिरलं पाहिजे. पाय-ब्रेकला दोन-तीन सेंटिमीटर चाल हवी, आणि ब्रेकलाइट वेळेवर लागला पाहिजे. एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या घरावर आहेत ना, हेही बघा. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

पुढच्या ब्रेकची भीती

"पुढचा ब्रेक मारू नको, पडशील," हे बहुतेकांना पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. मला याचा राग येतो, कारण यानं माणसं जखमी होतात. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसता मागचा दाबला तर ते लॉक होऊन घसरतं. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. दोन्ही एकत्र, आणि पुढचा एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा. ५० च्या वेगात एका सेकंदात गाडी १४ मीटर पुढे जाते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान एकत्रित ब्रेक सक्तीचा आहे, म्हणजे पाय-ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच लागतो. हाताचा ब्रेक त्यानं बाद होत नाही. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगावर पंधरा-वीस वेळा थांबायचा सराव करा.

पुढचा ब्रेक घात करतो तो वळणात आणि निसरड्यावर. जूनचा पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ वर येते आणि अर्धा-एक तास रस्ता साबणासारखा होतो. पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचा रंग, मॅनहोलची झाकणं, मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा, उड्डाणपुलांचे सांधे. यांच्यावरून जाताना ब्रेक नाही, वळण नाही, गाडी सरळ आणि थ्रॉटल स्थिर.

मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून ठेवा. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल यांवर दुचाकीला बंदी आहे. चुकून रॅम्पवर चढलात तर उलटं फिरू नका, ते दंडापेक्षा कितीतरी महागात पडेल. आणि मागे बसणाऱ्यालाही मुंबईत हेल्मेट सक्तीचं आहे. त्याच्यासाठीही आयएसआयचं, आयएस ४१५१ लिहिलेलं घ्या.

पाणी साचलं तर

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट. इथे "सगळे जातायत" म्हणून घुसू नका. फूटरेस्टच्या वर पाणी असेल तर थांबा. जावंच लागलं तर पहिल्या गियरला, थ्रॉटल न सोडता, मध्ये गियर न बदलता.

पाण्यात गाडी बंद पडली की हात आपोआप सेल्फवर जातो. तो दाबायचा नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत कोरड्या जागी आणा, चावी बंद ठेवून प्लग काढा आणि हळूहळू किक मारून आतलं पाणी बाहेर काढा. मग ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, बदलल्याशिवाय सुरू करू नका. बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक काही वेळ लागत नाहीत, म्हणून हळू चालवत ब्रेक हलके दाबून लायनर सुकवून घ्या.

सुरू होत नाही तेव्हा

जुलैत एकदा भाच्याचा फोन आला, गांधीनगरच्या सिग्नलवरून. मागे हॉर्नचा गोंगाट. "मामा, गाडी सुरू होते पण गियर टाकला की बंद पडते." साइड स्टँड बघ म्हटलं. वर केलंय म्हणाला. पुन्हा बघ, पायानं दाब. स्टँडच्या स्प्रिंगमध्ये चिखल भरला होता आणि ते बोटभर खाली राहिलं होतं. बीएस-६ च्या (एप्रिल २०२० पासूनच्या प्रदूषण नियमाच्या) बहुतेक गाड्यांना स्टँडवर सेन्सर असतो, स्टँड पूर्ण वर गेल्याशिवाय गियरमध्ये इंजिन चालू देत नाही. बाटलीतल्या पाण्यानं चिखल धुतला आणि गाडी निघाली.

म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी स्टँड, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, असेल तर), न्यूट्रलचा दिवा आणि टाकीतलं पेट्रोल, एवढं बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद राहिलाय का, रिझर्व्हवर घ्यायचा राहिलाय का, हे बघायचं. एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना रिझर्व्ह कॉक नसतो, आणि टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवणं वाईटच, कारण आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

सेल्फ दाबल्यावर नुसतं टक-टक होत असेल तर बॅटरी बसलीय. किक मारून बघा. पण इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पारच गेली असेल तर किकही अनेकदा उपयोगी पडत नाही, पंपालाच वीज मिळत नाही. पावसात गाडी मिसिंग करत (अडखळत, झटके खात) असेल तर प्लगची टोपी ओढून काढा, आतून-बाहेरून कोरडी पुसा आणि घट्ट बसवा. माझ्या अनुभवात पावसातल्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. इंजिन निवल्यावर प्लग काढून बघा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. ओलं असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय, पुसून थोडा वेळ उघडं ठेवा. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टरकडे बघा. मुंबईत ठिकठिकाणी बांधकामं चालू आहेत, फिल्टर पुस्तिकेतल्या आकड्याच्या आधीच भरतो. बऱ्याच गाड्यांत आता तेलात भिजवलेला कागदी फिल्टर असतो. त्याला हवा मारून साफ करत नाहीत, तो बदलतात.

गाडी जड वाटली, ॲव्हरेज उतरला, तर आधी टायरची हवा तपासा, तीही गाडी थंड असताना. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेन कव्हरवर स्टिकर असतो, त्यावर दोन्ही आकडे असतात. पंक्चरवाला विचारतो "किती मारू?" तेव्हा "मार अंदाजानं" म्हणू नका.

माझ्या सीटखाली एक प्लग, प्लगचा पाना, कोरडं फडकं आणि गुंडाळलेली क्लच वायर असते. क्लच वायर लिव्हरजवळ आधी एकेक तार सोडते. हातमोजा अडकायला लागला किंवा बोटाला तार टोचली, तर त्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतर ती नेमकी चढावरच्या सिग्नलला तुटते.