बोटीवरचं इंग्रजी कानात कसं बसवायचं

रत्नागिरी, मालवणकडची कितीतरी पोरं कोर्स करून शिपवर जॉइन होतात, पेपरात इंग्रजी बरं असतं पण चीफ ऑफिसर बोलायला लागला की काही कळत नाही आणि मग पोरगं गप्प गप्प राहतं. म्हणून जायच्या आधी महिनाभर तरी कान तयार करा, होतो तो तयार.

पहिला पकडायचा तो र. लंडनकडचा माणूस पुढे स्वर नसेल तर र काढतच नाही, 'कार पार्क'चं 'का पाक' होतं. स्कॉटिश, आयरिश, बहुतेक अमेरिकन मात्र र स्वच्छ काढतात. आणि हे नुसतं देशावर नाही हां, १९६२ मध्ये विल्यम लबॉव हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं, आणि उत्तर 'फोर्थ फ्लोर' येईल असाच प्रश्न सेल्समन लोकांना विचारला, तर महागड्या दुकानात र जास्त आणि स्वस्तातल्यात सगळ्यात कमी. इंग्लंडात बरोबर उलटं, तिथे र गाळला की माणूस मोठ्या घरचा वाटतो! तेव्हा आपल्या ठसठशीत र ची लाज अजिबात नको.

बाकी, अमेरिकन 'वॉटर'ला 'वॉडर' म्हणतो, लंडनचा कामगार मधला ट घशातच गिळतो, न्यूझीलंडवाल्याचं 'चेक-इन' आपल्याला 'चिकन' ऐकू येतं. बरेच फिलिपिनो फ चा प करतात, आणि क्रूमध्ये तेच भरपूर भेटतात म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा.

प्रॅक्टिस अशी: यूट्यूबवर एका वेळी एकच देश घ्या, न्यूजरीडर नको, तिथल्या मच्छीमाराची नाहीतर बंदरातल्या कामगाराची मुलाखत बघा. दोन मिनिटांचा तुकडा कॅप्शन बंद ठेवून ऐका, जसं कानावर पडेल तसं देवनागरीत उतरवा, स्पेलिंगचा विचारच नको, मग कॅप्शन लावून ताडून बघा. कुठला आवाज कुठे सरकतो ते कागदावरच दिसतं.

बोलताना कुणाची नक्कल करू नका, फक्त व सुधारा, 'व्हेसल'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'वेदर'ला ओठ गोल. फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ तर सगळ्यांचाच होतो, म्हणून आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) २००१ च्या ठरावीक वाक्यांमध्ये आकडे सुटे बोलायचे असतात, १५० म्हणजे 'वन फाइव्ह झीरो', फक्त सुकाणूच्या कोनाला 'फिफ्टीन', 'ट्वेंटी' असंच म्हणतात. सुकाणूची ऑर्डर मिळाली की जशीच्या तशी मोठ्याने परत म्हणायची, नीट ऐकू आलं नाही तर मान हलवू नका, सरळ 'से अगेन' म्हणा, समोर कॅप्टन असला तरी.